अख्खं अंडं

चमचा पुढे केला आणि म्हातारीनं ओठ मिटले. हे रोजचंच होतं. आज फक्त ओठ मिटायच्या आधी ती बोलली. "हे अंडं नव्हे," ती म्हणाली, आणि इतकी स्वच्छ म्हणाली की बेउलाचा हात हलला आणि उकडलेल्या अंड्याचा चुरा चादरीवर सांडला. कित्येक आठवड्यांत म्हातारीच्या तोंडून सरळ वाक्य निघालं नव्हतं. निघायचे ते तुकडे. कुणाकुणाची नावं, त्यात मेलेल्यांची जास्त, आणि मधूनच एखादी ठसठशीत शिवी. आज मात्र डोळेसुद्धा जागेवर होते. "अंडंच आहे, आई," बेउला म्हणाली. "कोंबडीचं. मीठ घातलंय बघ." "कोंबडीचं म्हणजे काय अंडं होय? भिंतीला चुना फासल्यासारखं. आपलं आण. आरपार दिसतं ते." एवढं बोलून म्हातारीनं तोंड भिंतीकडे केलं. संपलं. बेउला चादरीवरचा चुरा वेचायला लागली. आरपार दिसतं ते. तिला ठाऊक होतं म्हातारी कशाबद्दल बोलतेय. पेंग्विनचं अंडं कितीही उकळा, ते पांढरं होत नाही. काचेसारखं राहतं, थुलथुलतं, आणि आतला केशरी बलक बाहेरून दिसत राहतो. लहानपणी ती त्याची फोड डोळ्याला लावून बापाकडे बघायची. बाप पाण्याखाली गेल्यासारखा दिसायचा. हलणारा, लांब तोंडाचा, हसणारा.

दिवसभर म्हातारीपाशी बसायला शेजारची मर्ल आंटी यायची. ती दार न ठोठावता आत आली, स्वेटरवरून वाऱ्यानं चिकटलेली पानं झटकली आणि म्हणाली, "काय म्हणते आज महाराणी?" बेउला म्हणाली, "पेंग्विनचं अंडं पाहिजे म्हणते." "मग दे की. जोडीला इंग्लंडच्या राणीचा मुकुट पण दे." मर्ल आंटी खुर्चीत मावेपर्यंत सरकत राहिली. "माझी आई मरताना देवमाशाचं तेल मागत होती. लहानपणी पोळीला लावून खाल्लं होतं म्हणे. आम्ही मार्गारीन लावून दिलं. 'आहा' म्हणाली आणि गेली. बदकाचं आण. हिला काय कळतंय!" "तिला कळतं," बेउला म्हणाली. "कळतं तर मग तुरुंगात जा. पेंग्विनच्या अंड्याला हात लावला तर किती वर्षं देतात माहीत आहे का? माणूस मारलं तर वकील मिळतो." भिंतीकडे तोंड केलेली म्हातारी हसली की खोकली ते दोघींनाही कळलं नाही. दवाखान्यातली नर्स सांगून गेली होती की आता हिला नळ्या लावायच्या नाहीत, खाईल तर राहील, नाही तर नाही, मागेल ते द्या. मागेल ते द्या. असं म्हणायला नर्सचं काय जातं? अख्ख्या जन्मात म्हाताऱ्या सोफी सप्टेंबरनं काही मागितलं नव्हतं, आणि आता मागितलं तर नेमकं ते मागितलं, जे मागायला जगात बंदी आहे.

सप्टेंबर हे त्यांचं आडनाव. पणज्याचा पणजा ज्या महिन्यात जहाजातून उतरवून बाजारात गुलाम म्हणून विकला, त्या महिन्याचं नाव मालकानं त्याला ठेवलं. मालकाला दुसरं काही सुचलं नसावं, किंवा सुचवून घ्यायचं कारणच वाटलं नसावं. बेउलाच्या वर्गात एक फेब्रुवारी होता, दोन एप्रिल होत्या. शाळेत कुणाला याचं हसू यायचं नाही. हसू यायचं ते शहरात, जिथं ती शिवणकामाच्या दुकानात लोकांच्या पँटी आखूड करत होती आणि गिऱ्हाईक तिच्या छातीवरची नावाची पट्टी वाचून म्हणायचं, "सप्टेंबर? वा, काय गोड!" ती तोंडात टाचण्या धरून बसायची. तोंडात टाचण्या असल्या की उत्तर द्यावं लागत नाही. आजही ती दुकानालाच निघाली होती. गाडी चालू केली, हीटर लावला, वस्तीतून बाहेर पडली. वस्तीचं नाव ओशन व्ह्यू, म्हणजे समुद्र दिसणारी. समुद्र दिसत नाही. डोंगराच्या पाठीमागे आणून टाकलेल्या लोकांच्या वस्तीला ज्यानं हे नाव दिलं तो कुठल्या तरी कचेरीत बसून चहा पीत असेल, आणि त्यानं ते थट्टेनं दिलं की मनापासून, हे तिला आजवर ठरवता आलेलं नाही. थट्टा असती तर बरं वाटलं असतं. थट्टेसाठी निदान समोर माणूस आहे हे धरावं लागतं. चौकात ती रोज शहराकडे वळायची. आज हात उलटा वळला. तिनं ठरवलं नव्हतं. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला तेव्हा तिला कळलं की आपण डोंगराच्या रस्त्याला लागलोय आणि तो रस्ता फक्त एका ठिकाणी उतरतो.

सायमन्स टाउनला, जिथं ती जन्मली होती, ती शक्यतो जात नसे. जायचं तर काम काढून, काम करून, मान खाली घालून परत. ती नऊ-दहा वर्षांची होती तेव्हा सरकारनं ठरवलं की हे गाव आता फक्त गोऱ्यांचं. ट्रक आले. आईनं शिलाई मशीन स्वतःच्या मांडीवर घेतलं, ते ट्रकमध्ये सामानात ठेवू दिलं नाही. बाप पायरीवर बसून होता. त्याला उठवावं लागलं. उठवलं म्हणजे मारलं नाही कुणी. पोलीस नुसता "चल, गेर्ट" म्हणाला. ओळखीचा होता. मासे न्यायचा घरून. घर नंतर पाडलं. घरं पाडायचं कारण काय होतं? गोऱ्यांना राहायला द्यायची होती ना? पण नाही, पाडलीच. नुसती जमीन मोकळी पडून राहिली, तिच्यावर झुडपं वाढली, आणि मग काही वर्षांनी समुद्रातून पेंग्विनांची एक जोडी चालत वर आली. कुणी त्यांना विचारलं नाही तुम्ही कुठल्या जातीचे. मग अजून आले. मग कुंपण आलं, पाट्या आल्या, फळ्यांची वाट आली, तिकीट आलं, त्यांना ऊन लागतं म्हणून छोटी घरकुलं बनवून झुडपात ठेवली. बेउलानं हे सगळं वर्तमानपत्रात वाचलं होतं आणि वर्तमानपत्र बटाट्याची सालं काढायला घेतलं होतं. आपण पक्ष्यावर जळतो, याची तिला लाज वाटायची. पक्ष्यानं काय केलंय? पण लाज वाटली म्हणून जळणं कमी होत नाही, उलट आत तोंड दाबून धुमसत राहतं. आता उतारावरून खाली समुद्र दिसायला लागला, राखाडी, ताणलेला, त्यात नौदलाची बोट उभी. 

अंडी तेव्हा इथली नसायची. इथे तेव्हा पेंग्विन नव्हतेच. बाप दरवर्षी हंगामाला पश्चिमेकडच्या एका बेटावर जायचा, अंडी गोळा करायला. सरकारी काम होतं. हजारोंनी गोळा करायचे, पेंढ्यात घालून पेट्या भरायचे, आणि त्या पेट्या हॉटेलांना, मंत्र्यांना, जहाजांच्या कप्तानांना जायच्या. कामकऱ्यांना हुकूम असा की तडा गेलेलं अंडं तेवढं घरी न्यायचं. अख्ख्या अंड्याला हात लावायचा नाही, ते साहेबाचं. परतताना धक्क्यावर गोरा मुकादम प्रत्येकाची पिशवी उघडायचा, एकेक अंडं उजेडाला धरून भेग शोधायचा. भेग सापडली की परत पिशवीत, नाही सापडली तर पेटीत आणि वर कानाखाली. बाप घरी यायचा तेव्हा आई दारातच उभी असायची. चर्चला जाणारी, ताठ मानेची बाई. "तडकलेलीच आहेत ना, गेर्ट?" ती विचारायची. "तडकलेलीच आहेत, बाई," बाप म्हणायचा. मग तीसुद्धा मुकादमासारखं प्रत्येक अंडं दिव्याला धरायची, भेगेवरून बोट फिरवायची, आणि मगच पातेल्यात सोडायची. दर वेळी. एकदाही चुकली नाही. बेउला लहान होती तेव्हा तिला ते नुसतं गमतीचं वाटायचं. मोठी झाली, वाचायला लागली, युनियनच्या सभांना जायला लागली, तेव्हा तिला त्या आठवणीनं उलटी यायला लागली. घरात, स्वतःच्या चुलीपाशी, कुणी बघत नसताना साहेबाचा हुकूम पाळणारी बाई! ट्रक आले तेव्हा हीच बाई मशीन मांडीवर घेऊन मुकाट बसली. दगड मारला नाही, ओरडली नाही. अंड्याची भेग तपासणारे हात. बेउलानं आईला हे एकदा तोंडावर सांगितलं होतं, भांडणात. आईनं फक्त म्हटलं होतं, "तुला नाही कळायचं ते." आणि मटाराच्या शेंगा सोलत राहिली होती.

पेंग्विनांच्या कुंपणाच्या फाटकाशी नोएल आपोलिस उभा होता. ओशन व्ह्यूचाच, शाळेत तिच्या मागच्या बाकावर बसायचा. आता इथला रखवालदार, हिरव्या जाकिटात, गळ्यात शिट्टी. "बेउला! अगं, तू इकडे कुठे? टूरिस्ट झालीस की काय?" "सुट्टी घेतली," ती म्हणाली. "सुट्टी घेऊन इथे? वेडी आहेस. मी सुट्टी घेऊन इथून पळतो. वास बघ. बायको मला अंगणात कपडे काढायला लावते." त्यानं तिला तसंच आत सोडलं. फळ्यांच्या वाटेवर छत्र्या, टोप्या, परदेशी बायका. खाली वाळूत पेंग्विन उभे होते, वाऱ्याकडे पाठ करून, बस न आलेल्या माणसांसारखे. एक जण मान वर करून गाढवासारखा रेकत होता. छाती फुगवायचा, आतली हवा हेलकावत बाहेर यायची, मग दुसरा उत्तर द्यायचा. वासानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मासे, चुना, अमोनिया. बाप बेटावरून आला की आठवडाभर त्याच्या केसांना हा वास असायचा. ती तो विसरली होती. नाही, विसरली नव्हती, तो कुठेतरी आत बसून होता आणि आता तिला विचारल्याशिवाय उठून उभा राहिला. एक बाई कॅमेरा खाली करून म्हणत होती, "किती निरागस! यांना किती छान सांभाळलंय." "उपाशी मरतायत ते," नोएल बेउलाला हळूच म्हणाला. तो तिच्या मागोमाग आला होता. "मोठ्या बोटी सगळी तारली ओढून नेतात. हे दिवसदिवस पोहतात आणि रिकामे परत येतात. पिलं सोडून जातात. पण ते फोटोत येत नाही. तुला एक गंमत सांगू? तुमच्या पायऱ्या अजून आहेत. वरच्या बोळात, कुंपणाबाहेर. एक जोडपं तिथं राहायला आलंय. तुमच्या पायरीखाली! मी म्हटलं, चला, सप्टेंबरांच्या घरात कुणीतरी राहतंय." तो हसला. मग तिचं तोंड बघून थांबला. "मी आपलं सहज म्हटलं गं." "चावतात का ते?" तिनं विचारलं. "सगळ्यांना चावतात. आमचेच आहेत ते, तुला काय वाटलं?"

बोळ चढताना तिचे पाय तिच्या आधी चालत होते. घर नव्हतं. घराच्या जागी झुडपं आणि त्यांच्यातून दगडाच्या पायऱ्या वर गेलेल्या, आणि जिथं दार असायला हवं तिथं नुसतं आभाळ. तिला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. पायऱ्या एवढ्या लहान होत्या की तिला रागच आला. या पायऱ्यांवर बाप मावायचा? इथंच बसून त्यानं तिला ती करामत दाखवली होती. कोंबडीचं अंडं डाव्या तळहातात, उजव्या हातात चमचा उलटा धरलेला, दांड्याच्या टोकानं बोथट बाजूला एकच टिचकी. जास्त नाही, कमी नाही. कवचाला भेग गेली पाहिजे, आतला पापुद्रा फाटता कामा नये. "बेटावर मी अशी पिशवीभर तडकवतो," तो म्हणाला होता, "मुकादमाच्या नाकाखाली. आणि आईला सांगायचं नाही हं. तिला वाटतं देवानंच तडकवली." त्यानं डोळा मारला होता. आणि दुसरी गोष्टही त्यानं तिथंच सांगितली होती, की पाण्यात सोडून बघितल्याशिवाय अंडं चुलीवर चढवायचं नाही. बुडलं तर जेवण, तरंगायला आणि हलायला लागलं तर आत कुणीतरी आहे. हे सगळं तिला आठवलं, पण हे दुसरं आठवून न आठवल्यासारखं झालं. कारण खालच्या पायरीच्या पोकळीत पेंग्विन बसला होता आणि तिच्याकडे बघत होता. त्यानं मान आडवी केली, एका डोळ्यानं बघितलं. मग दुसरीकडे आडवी केली, दुसऱ्या डोळ्यानं. दोन्ही डोळ्यांत ती मावते की नाही हे ताडून बघितल्यासारखं. तिनं हाताला गळ्यातला रुमाल गुंडाळला. "सरक," ती त्याला म्हणाली. "हे माझं घर आहे." त्यानं चोच उघडली. हात त्याच्या पोटाखाली गेला, तिथं इतकं गरम होतं की तिला दचकायला झालं, ताप आलेल्या लेकराच्या मानेसारखं. दोन अंडी होती. तिनं एक ओढलं. त्यानं चावलं, रुमालाबाहेर राहिलेल्या अंगठ्याच्या बुडाशी, आणि धरून ठेवलं, आणि ती तोंडातल्या तोंडात शिव्या देत राहिली. पेंग्विनाला नाही. कुणाला ते तिला सांगता आलं नसतं. हात सुटला. अंडं तिनं ब्लाऊजच्या आत, छातीखाली सरकवलं. एक तरी ठेवलं त्याला, असं तिच्या मनात आलं आणि लगेच दुसरं आलं: मुकादमही असंच म्हणायचा, काहीतरी ठेवतो आम्ही.

खाली फाटकाशी नोएलनं तिचा हात बघितला. रक्त मनगटापर्यंत आलं होतं. तो समुद्राकडे बघायला लागला. "गाडीखाली बघून निघ," तो म्हणाला. "उबेला येऊन बसतात." ती गुडघ्यांवर बसली, गाडीखाली वाकून बघितलं, छातीखालचं अंडं एका हातानं सावरत. गाडीखाली काही नव्हतं. तेलाचा एक डाग. डोंगर चढताना तिला वाटलं, कुणीतरी मागून येतंय. आरशात बघितलं, रस्ता रिकामा होता. घाम फुटला होता तरी तिनं हीटर बंद केला नाही. का केला नाही? उकडायचंच आहे ना शेवटी? हा प्रश्न तिनं स्वतःला नीट विचारला नाही. मुलं नसलेल्या बाईच्या छातीखाली काहीतरी ऊब धरून बसलंय, एवढंच तिच्या कातडीला कळत होतं, आणि कातडीला जे कळतं त्याचा तिला नेहमीच संताप यायचा.

"आणलंस?" मर्ल आंटी उभी राहिली. "खरंच आणलंस? अगं बाई! मी इथं नव्हतेच. मी काही बघितलं नाही. मी घरी जाते, माझा भात लागतोय." आणि घरी गेली नाही, स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. बेउलानं अंडं आईच्या हातात दिलं. म्हातारीच्या हातांना ते ओळखायला वेळ लागला नाही. डोळे मिटलेलेच होते. बोटं कवचावरून फिरली, वरून खाली, गोल, परत वर. हळूहळू, काही शोधत. बेउला बघत होती. आता म्हणेल, आता काहीतरी म्हणेल, बाबाचं नाव घेईल, रडेल. म्हातारीनं डोळे उघडले. "अख्खं आहे," ती म्हणाली. "हो आई. अख्खं. ताजं." "अख्खं आपलं नसतं." तिनं अंडं पुढे केलं. "हे साहेबाचं. तडकलेलं आण." बेउलाच्या कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. "कुठला साहेब, आई?" ती ओरडलीच. "मेला तो! बेट बंद झालं! सगळे साहेब मेले, त्यांची पोरं ऑस्ट्रेलियाला गेली! मी चोरून आणलंय हे तुझ्यासाठी, हात फाडून घेतलाय, बघ! आणि तू अजून...!" म्हातारीचा हात पुढेच होता, अंड्यासकट. "तडकलेलं," ती म्हणाली. लहान मुलाला पाढा शिकवावा तशी. मर्ल आंटी दारातून म्हणाली, "अगं मग तडकव की! त्यात काय एवढं?"

हो, मग त्यात काय. बेउला स्वयंपाकघरात आली, मर्ल आंटीला बाजूला सारून. गॅसवर पातेल्यात पाणी उकळत होतं; आंटीनंच ठेवलं असणार, ती इथं नसताना. बेउलानं अंडं डाव्या तळहातात घेतलं आणि चमचा उलटा धरला. बापाचा हात तिच्या हातात होता. तिला तो जाणवला, मनगटात, त्याचा वास केसात. जास्त नाही, कमी नाही. तिनं टिचकी दिली. कवचावर केसाएवढी भेग उमटली, चांदणीसारखी, नेमकी बोथट टोकाला. पापुद्रा शाबूत. जमलं. इतक्या वर्षांनी पहिल्या झटक्यात जमलं, आणि तिला आनंद झाला, खरा, लहान मुलीचा आनंद, एवढ्यात तळहातावर काहीतरी लागलं. आतून. टिक. ती हलली नाही. नाडी असेल, तिला वाटलं, आपलीच, जखम ठणकतेय. तिनं अंडं कानाला लावलं. पातेल्यातल्या पाण्याच्या बुडबुड्यांशिवाय काही ऐकू येईना. "आंटी, गॅस बंद करा," ती म्हणाली. वाडग्यात नळाचं कोमट पाणी घेतलं आणि अंडं भेग वर राहील असं अलगद सोडलं. ते बुडालं नाही. तरंगलं, आणि तरंगता तरंगता थरथरलं. कुणी हात न लावता, कुठे वारा नसताना, ते आपलं आपण हललं, आणि पाण्यावर बारीक वर्तुळं उठून वाडग्याच्या कडेला जाऊन विरली. मग परत. मर्ल आंटीनं तोंडावर हात धरला. "जिवंत आहे गं," ती कुजबुजली. "आता काय सांगशील तिला?"

बेउला ओलं अंडं पदरासारख्या पुढे आलेल्या स्वेटरात पुसत उभी राहिली. एका भिंतीपलीकडे एक बाई होती, जी हे खाल्लं नाही तर बहुतेक काहीच खाणार नव्हती. ती आपली आई होती. आणि हे कोण होतं? कुणी नव्हतं. समुद्रात मासे नाहीत, बाहेर आलं तरी उपाशीच मरायचं, नोएलच सांगत होता. उकळलेलं पाणी अजून गरम होतं. कुणी बघत नव्हतं. मर्ल आंटी बघत होती, पण तिनं नंतर शपथेवर सांगितलं असतं की ती तिथं नव्हतीच. नियमानं बघायचं तर तडकलेलं होतं, म्हणजे आपलं होतं. आपलं! आयुष्यभर ज्या शब्दासाठी ती आईशी भांडली तो शब्द आता तिच्या तळहातात हलत होता आणि तिला तो नकोसा झाला होता. टिक, आतून परत झालं. कुणीतरी दार ठोठावून थांबल्यासारखं. तिनं अंगठा भेगेवर ठेवला. चावलेला, सुजलेला अंगठा, नेमका पुरला. आणि ती आईच्या खोलीत गेली, पलंगाच्या कडेला बसली, आणि जे वाक्य तिनं जन्मभर थुंकण्यालायक मानलं होतं ते तिच्या तोंडून आलं, सरळ, न अडखळता. "नाही तडकत, आई. खूप बघितलं. अख्खंच आहे. साहेबाचंच आहे."

म्हातारीनं हात पुढे केला. बोटं अंड्यावर आली, फिरली, कवचाच्या कुशीवरून वर सरकली, बेउलाच्या अंगठ्यापर्यंत आली आणि तिथं थांबली. अंगठ्याच्या कडेला, रक्त सुकलं होतं तिथं. किती वेळ थांबली कुणास ठाऊक. बेउलानं अंगठा हलवला नाही. अंड्याच्या आत टिक झालं. दोघींच्या बोटांखाली झालं. म्हातारीनं हात मागे घेतला आणि चादरीवर ठेवला. "मग ठेवून ये," ती म्हणाली. "ज्याचं त्याला."  बेउला उठली, अंडं परत ब्लाऊजच्या आत सरकवून दारापर्यंत गेली, तेव्हा मागून आवाज आला. त्यात एक जुनं, खट्याळ काहीतरी होतं; इतकं जुनं, की तो आवाज बेउलानं कधी ऐकलाच नव्हता, तो तिच्यासाठी नव्हताच कधी. "तुझा बाप असता," म्हातारी भिंतीला म्हणाली, "तर तडकलं असतं."

बेउला दाराची चौकट धरून उभी राहिली. दारात उभी असलेली ताठ मानेची बाई. तडकलेलीच आहेत ना, गेर्ट? तडकलेलीच आहेत, बाई. दिव्याला धरलेलं अंडं, भेगेवरून फिरणारं बोट, आणि बापाचं पाण्याखालचं लांब हसरं तोंड. म्हणजे ठाऊक होतं तिला. मग ती काय तपासत होती? आणि आज काय मागत होती? तुला नाही कळायचं ते. बेउलाला मागे वळून विचारायचं होतं, पण म्हातारीनं डोळे मिटून घेतले होते, ओठही, आणि छातीखालचं काहीतरी घाई करत होतं.

डोंगर परत चढला, परत उतरला. हीटरनं गाडीत श्वास कोंडत होता. ती दोनदा चुकीच्या गिअरमध्ये गेली. आई आत्ता, या क्षणी, हे सोडत असतानाच गेली तर? परत वळावं का? वळायला जागा असलेलं प्रत्येक ठिकाण ती बघत होती आणि मागे टाकत होती. फाटकाशी नोएल भाकरीचा तुकडा तोडत उभा होता. "परत?" तो म्हणाला. "काहीतरी राहिलं होतं," ती म्हणाली. त्यानं तिच्याकडे बघितलं, तिच्या छातीशी आवळलेल्या हाताकडे बघितलं, आणि तुकडा तोंडात टाकून समुद्राकडे वळला. "हो, वरच्या बोळात आज माझी फेरी नाही," तो समुद्राला म्हणाला.

पेंग्विन तिथंच होता, पायरीखाली, उरलेल्या एकावर. त्याला काही आठवतंय का, काही उणं वाटतंय का, त्याच्या डोळ्यांवरून कळत नव्हतं. त्यानं मान आडवी केली. एका डोळ्यानं बघितलं. मग दुसऱ्या. तिनं या वेळी हाताला काही गुंडाळलं नाही. अंडं भेग वर करून त्याच्या पोटापाशी नेलं, आणि तो चावला. त्याच अंगठ्याला, त्याच जागी, हाडापर्यंत. खाली खडकांवर कुणीतरी गाढवासारखं रेकायला लागलं आणि वाऱ्यानं तो आवाज तोडून टाकला. बेउलानं हात मागे घेतला नाही. अंडं त्या गरम अंधारात पूर्ण सरकेपर्यंत तिनं तो तिथंच ठेवला आणि त्याला चावू दिलं.